शॉक बसेल म्हणून

मराठीत हृदयविकाराचा ‘झटका’ येतो आणि विजेचाही झटकाच बसतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण ज्याच्या छातीत आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की शॉक देणारे छोटे यंत्र, आहे, त्याच्या गुरुग्रामच्या फ्लॅटमधून ‘बाबांना झटका बसला’ एवढेच वाक्य फोनवर गेले, तर नागपूरची आत्या रडू लागते आणि पुण्याचा काका विमानाचे तिकीट शोधू लागतो. आयसीडीचा शॉक म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. आयसीडी पहारा देतो तो ठोक्यांवर. ते बेफाम झाले की शॉक देऊन त्यांना ताळ्यावर आणतो. म्हणजे शॉक बसला तेव्हा बहुतेक वेळा यंत्राने आपले काम केलेले असते.

या यंत्रामागे एक मृत्यू आहे. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे गुरू हॅरी हेलर १९६६ मध्ये अशाच बेफाम ठोक्यांनी गेले. रुग्णाला कायम दवाखान्यात ठेवता येत नाही, मग दवाखान्यातले शॉक देणारे डिफिब्रिलेटर त्याच्या शरीरातच का बसवू नये, या विचाराने मिरोव्स्की झपाटले. जाणकारांनी वेड्यात काढले, तरी बाल्टिमोरमध्ये मॉर्टन मॉवर यांच्या साथीने ते काम करत राहिले. ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या रुग्णाला यंत्र बसले. ते पाव किलोच्या आसपास वजनाचे आणि पोटात बसवावे लागणारे होते. आज कॉलरबोनखाली मावणारी छोटी डबी पुरते, आणि गुरुग्राममध्ये मेदांतासारख्या मोठ्या रुग्णालयांतही ती बसवली जाते.

शस्त्रक्रिया पार पडते, टाके सुकतात, माणूस घरी येतो. मग भीती येते.

शॉक दुखतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सुमारे सातशे व्होल्टचा तो धक्का काही मिलिसेकंदच टिकतो, पण छातीत घोड्याने लाथ मारावी तसा वाटतो, असे अनेक रुग्ण सांगतात. तो अंघोळ करताना बसला तर माणूस अंघोळीला घाबरतो, जिन्यात बसला तर जिन्याला. आधी जिना सुटतो, मग संध्याकाळचे फिरणे, मग एकट्याने घराबाहेर पडणे. टाळल्यामुळे शॉक टळला असे मनाला वाटते आणि भीती आणखी घट्ट बसते. त्यात बसून राहिल्याने आधीच कमजोर हृदय आणखी कमजोर होते. काहींना झोपेतून दचकून जाग येते, शॉक बसल्याची खात्री वाटते, आणि यंत्राची नोंद तपासली तर तिथे काहीच नसते. याला आभासी शॉक म्हणतात. रुग्ण नाटक करत नाही. त्याची वेदना खरी असते, फक्त ती यंत्रातून आलेली नसते.

गुरुग्रामसारख्या शहरात तर भीतीला निमित्ते पावलोपावली सापडतात. मेट्रोच्या दारात मेटल डिटेक्टर, मॉलच्या दारातही तोच. त्यातून नेहमीच्या चालीने जायला हरकत नाही, तिथे रेंगाळू मात्र नये. यंत्राचे कार्ड सुरक्षारक्षकाला दाखवावे आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका असे सांगावे. मोबाइल डबीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर, म्हणजे शर्टाच्या वरच्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून साधारण ६० सेंटीमीटर अंतर असावे. खरी काळजी घ्यायची ती अर्थिंगची. गीझर किंवा वॉशिंग मशीनमधून झिरपणारा करंट यंत्राला हृदयाचे बेफाम ठोके वाटू शकतो आणि नको तो शॉक बसू शकतो. त्यामुळे मनात शंभर शंका घोळवत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला एकदा बोलावणे अधिक उपयोगाचे.

शॉक कमी करणे डॉक्टरांच्या हातीही बरेच असते. अनेक वेळा यंत्र शॉकच्या आधी काही वेगवान, न दुखणारे ठोके देऊन बिघडलेली लय मोडून काढते. रुग्णाला पत्ताही लागत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-आरआयटी या १५०० रुग्णांच्या अभ्यासात यंत्राला उशिरा किंवा ठोके खूपच वाढल्यावर हस्तक्षेप करायला लावले, तेव्हा अनावश्यक उपचार तर घटलेच, मृत्यूही कमी झाले. म्हणून ‘माझ्या यंत्राचे सेटिंग काय आहे?’ हा प्रश्न रुग्णाने विचारलाच पाहिजे. आणि डॉक्टरांनी बॅटरी तपासताना ‘झोप लागते का?’ हेही विचारले पाहिजे. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आयसीडी रुग्णांच्या मनःस्थितीची तपासणी आणि उपचार यांची शिफारस आहेच. आपल्याकडे तपासणी यंत्राची होते, माणूस खुर्चीत बसून राहतो.

भीती असूनही पुढे जाता येते. डच फुटबॉलपटू डेली ब्लिंड याला २०१९ मध्ये आयसीडी बसला. ऑगस्ट २०२० मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात यंत्र सुरू झाले आणि तो मैदानावर खाली बसला. पुढच्या वर्षी १२ जूनला त्याचा जुना सहकारी ख्रिश्चन एरिक्सन कोपनहेगनमध्ये सामना सुरू असताना हृदय बंद पडून कोसळला. दुसऱ्याच दिवशी ब्लिंडचा सामना होता. मनाशी झगडून तो खेळला आणि बाहेर येताना रडला. भीती गेल्यावर तो मैदानात उतरला नव्हता. ती सोबत घेऊनच उतरला होता. पुढे एरिक्सनलाही आयसीडी बसला, आणि २०२२ च्या विश्वचषकात दोघेही खेळले.

शॉक बसल्यास काय करायचे, ते घरी एका कागदावर लिहून ठेवावे. एक शॉक बसला आणि बरे वाटत असेल, तर बसावे, श्वास शांत करावा आणि डॉक्टरांना फोन करावा. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली, तर थेट रुग्णालय. माणूस बेशुद्ध पडून उठत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर ११२ ला फोन आणि छातीवर दाब देणे सुरू. गाडी कधी चालवायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

एक प्रश्न मात्र बहुतेक जोडपी विचारतच नाहीत. शॉक बसताना हात धरलेला असेल तर? धरणाऱ्याला फार तर हलक्या मुंग्या आल्यासारखे वाटते, इजा होत नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून बायको नवऱ्यापासून अंतर ठेवून झोपते आणि आजोबा नातवाला मांडीवर घेत नाहीत. पुढच्या तपासणीला जोडीदाराला सोबत न्यावे आणि हा प्रश्न डॉक्टरांसमोर संकोच न करता विचारावा.