बारा महिन्यांची बेगमी

शहरांतील नोकरदार गृहस्थास महिन्याच्या आरंभीं वेतन मिळतें आणि त्याच्या संसाराचा हिशेब तीस दिवसांत पुरा होतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुन्या शेतकरी कुटुंबाचें वर्ष याहून निराळें असे. धान्य घरांत वर्षांतून एकदोनदां येई. खाणारीं तोंडें मात्र रोजचीं. म्हणून एखादी वस्तु आज घरांत आहे काय, यापेक्षां ती पुढील ज्येष्ठांत असेल काय, या प्रश्नाला त्या घरांत अधिक मान होता. या दूरदृष्टीला आपल्या भाषेंत ‘बेगमी’ असा नेटका शब्द आहे. खेड्याच्या स्वयंपूर्ण जीवनाचें मर्म त्यांत सांपडतें. श्रोतेहो, त्या जीवनाचें कौतुक करतांना ही बेगमी कोणाकोणाच्या श्रमावर उभी होती, हेंहि पाहिलें पाहिजे.

प्रथम भूमीचा विचार करूं. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठीं सरासरी 5,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ पूर्वेस 100 किलोमीटरच्या आंत दहिवडी आहे. तेथें 500 मिलिमीटर पडला तरी शेतकरी संतोष मानतो. पश्चिमेस कोयनेच्या खोऱ्यांत भात, नाचणी व वरी. कृष्णाकांठीं ऊस व हळद. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी व जत या भागांत बाजरी आणि ज्वारी. पाऊस असा पावलोपावलीं बदलतो, तेव्हां बेगमीची रीतहि गांवोगांव बदलावी हें ओघानेंच आलें.

जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागे. माणदेशांतील शेतकरी पाभरीनें बाजरी पेरतांना तिच्यासोबत तूर, मटकी, हुलगा यांचेहि कांहीं तास टाकी. पावसानें ओढ दिली तर एक पीक जाईल, पण दुसरें पदरांत पडेल, असा त्यांत हिशेब होता. शिवाय कडधान्यानें जमिनीचा कस राही. आषाढांत बेंदूर येई. इतरत्र बैलांचा सण पोळा म्हणून श्रावणांत वा भाद्रपदांत होतो. या भागांत मात्र बैलाचे उपकार आषाढांतच फेडतात. हेच दिवस गृहिणीच्या कसोटीचे. जुनें धान्य तळाशीं गेलेलें, नवें अजून शेतांत. अशा वेळीं तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू या आपोआप उगवणाऱ्या भाज्या घरास हात देत.

दिवाळीच्या सुमारास बाजरी खळ्यावर येई. उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर पेरलेला शाळू माघ-फाल्गुनांत निघे. मध्यें तिवडा रोवून त्याभोंवतीं बैल फिरवावयाचे, वाऱ्याची दिशा पाहून उफणणी करावयाची आणि रास शिगेला न्यावयाची. याच हिवाळ्यांत कृष्णाकांठीं गुऱ्हाळें पेटत. माणदेशांतील मेंढपाळ आपले कळप घेऊन पश्चिमेकडे व कोंकणांत उतरत. वाटेवरील शेतांत रात्रीं मेंढ्या बसवाव्या, शेताला लेंडीखत मिळावें आणि मेंढपाळाला धान्य, हा व्यवहार पैशावांचून चाले. तो आजहि सर्वस्वीं लोपलेला नाहीं.

उन्हाळा म्हणजे सांठवणीचा काळ. कणग्या शेणमातीनें लिंपून घ्यावयाच्या, धान्यांत कडुलिंबाचा पाला वा राख मिसळावयाची, बियाण्याचीं निवडक कणसें आढ्याला टांगावयाचीं. घरांत उपास पडला तरी बियाण्याला हात लावीत नसत. सांगलीजवळ हरिपूर येथें तर जमिनीच्या पोटांत खोल पेवें खोदून त्यांत हळद सांठवीत. बाहेरची हवा व कीड यांपासून ती सुरक्षित राही. 2005 च्या महापुरांत यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं.

परंतु हें सारें एका कुटुंबाच्या हातचें नव्हतें. नांगर सुतार करी, फाळ लोहार शेवटी, मोट चांभार शिवी, मडकीं कुंभार देई. आणि त्यांचें बलुतें खळ्यावरच मोजलें जाई. मीठ कोंकणांतून कुंभार्ली घाटानें वर येई. याचा अर्थ असा कीं, घर स्वयंपूर्ण नव्हतें. असलेंच तर गांव होतें, आणि तेंहि पुरतें नव्हतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत ही सर्व व्यवस्था तपशीलानें आली आहे. त्या व्यवस्थेंत सर्वांत कष्टाचें काम ज्यांच्याकडे, त्यांना मान सर्वांत थोडा होता. बाळपणीं साताऱ्याच्या शाळेंत शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 1928 सालीं महार वतनाच्या जोखडाविरुद्ध मुंबई विधिमंडळांत विधेयक मांडलें. कनिष्ठ वतनें अखेर 1958 च्या कायद्यानें रद्द झालीं. जुन्या खेड्याचें गुणगान करणारानें ही बाजू दृष्टिआड करूं नये.

बेगमीलाहि मर्यादा होती. लागोपाठ दोन वर्षें पाऊस चुकला कीं कणगी रिती होई आणि माणूस मुंबईच्या गिरणीची वाट धरी. 1972 च्या दुष्काळांत धान्य पिकविणारे हात रस्त्याच्या कामावर खडी फोडूं लागले. कष्टाळूपणांत ते उणे पडले नव्हते. जमिनीच्या पोटांत पाण्याची बेगमी नव्हती. ही उणीव ओळखणारीं गांवें आज त्याच भागांत आहेत. कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें श्रमदानानें शिवारांत पाणी अडविलें आणि 2016 सालच्या वॉटर कप स्पर्धेंत पहिला क्रमांक मिळविला. तेथें कुदळ हातीं घेतांना कोणाचें बलुतें मोठें, कोणाचें लहान, हा प्रश्न नव्हता.

शहरांतील कांहीं घरांत उन्हाळ्यांत वर्षाचा गहू भरण्याची चाल अद्याप आहे. ती जुन्या बेगमीचीच खूण होय. खेड्यांतील जुनें वर्ष जसेंच्या तसें परत येणार नाहीं आणि त्यांतील अन्यायासह तें येऊंहि नये. पण भरल्या दिवसांत रित्या दिवसांची आठवण ठेवणें, बियाणें राखणें आणि रास घरीं नेण्यापूर्वीं श्रम करणाराचा वांटा बाजूस काढणें, एवढें त्यापासून घेण्याजोगें आहे. यांतील शेवटचें काम आपल्या पूर्वजांना नीट साधलें नाहीं. तें आतां आपल्याकडे आलें आहे.