‘लुलू’वरील फिर्याद



वयोवृद्ध कलावंताने आपल्या कीर्तीच्या व्याजावर स्वस्थ बसावे, मधूनमधून जुनीच गीते नव्या साजात ऐकवावी आणि सत्काराच्या शाली स्वीकाराव्या, असा रसिकांनी त्याच्याशी जणू एक अलिखित करारनामा केलेला असतो. आणि तो जेव्हा मोडला जातो तेव्हा उसळणारा संताप पुष्कळदा कृतीच्या गुणदोषांपेक्षा करारभंगाचाच अधिक असतो. अमेरिकी गायक-गीतकार लू रीड याने मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या साहचर्याने निर्मिलेल्या आणि ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘लुलू’ या ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला जे आले, ते या संतापाचे मी पाहिलेले सर्वांत ठळक उदाहरण होय. रीड तेव्हा ६९ वर्षांचा होता.

या दोघांची गाठ २००९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील एका जलशात पडली, आणि त्यातून आरंभी जो बेत ठरला तो अगदी कराराबरहुकूम होता : रीडची जुनी गीते मेटॅलिकाने नव्याने वाजवायची. ऐनवेळी रीडने तो बेत रद्द केला आणि रॉबर्ट विल्सन या दिग्दर्शकाच्या बर्लिनमधील नाट्यप्रयोगासाठी लिहिलेली आपली गीते पुढे ठेवली. त्या प्रयोगाचा आधार म्हणजे फ्रांक वेडेकिंट या जर्मन नाटककाराची ‘अर्थ स्पिरिट’ आणि ‘पँडोराज बॉक्स’ ही दोन नाटके. त्यांची नायिका लुलू पुरुषांच्या वासनेच्या शिडीने वर चढते, एकेकाचा सर्वनाश पाहते, आणि अखेर लंडनमधील एका माळ्यावरच्या दरिद्री खोलीत जॅक द रिपर या कुप्रसिद्ध खुन्याच्या सुरीला बळी पडते. हे सारे रीड त्या स्त्रीच्या तोंडून, प्रथमपुरुषी, आपल्या थकलेल्या आणि भेगाळलेल्या आवाजात सांगतो. दहा गीते, जवळजवळ दीड तास.

निकाल लागण्यास विलंब झाला नाही. पिचफोर्क या समीक्षेच्या अमेरिकी प्रकाशनाने दहापैकी एक गुण दिला. आधी बाहेर पडलेल्या ‘द व्ह्यू’ या गीतात मेटॅलिकाचा गायक जेम्स हेटफील्ड आपली तुलना घरातील लाकडी सामानाशी करतो, ती ओळ तर थट्टेचा हुकमी विषय होऊन बसली. ज्या वाद्यवृंदाच्या मागल्या मुद्रिकेने अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिले स्थान पटकावले होते, त्याची ही मुद्रिका तेथे छत्तिसाव्या क्रमांकावर दाखल झाली. मेटॅलिकाच्या चाहत्यांपैकी काहींनी आपणास गोळ्या घालण्याची धमकी दिल्याचे खुद्द रीडनेच सांगितले. आणि आपले स्वतःचे चाहते ‘मेटल मशीन म्युझिक’ या १९७५ मधील मुद्रिकेनंतरच पळून गेले, तेव्हा आता गमावण्यासारखे कोणी उरलेच नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. (या गृहस्थाचा विनोद नेहमीच कोरडा असे.)

परंतु लुलूला फिर्यादींची सवय जुनी आहे. वेडेकिंटवर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता, म्हणून १९०५ च्या मे महिन्यात कार्ल क्राउस या लेखकाने व्हिएन्नात ‘पँडोराज बॉक्स’चा प्रयोग करविला तो खाजगी स्वरूपात, निमंत्रितांपुरता. पडदा उघडण्यापूर्वी क्राउसने व्याख्यान दिले, रिपरची भूमिका स्वतः वेडेकिंटने केली, आणि श्रोत्यांत २० वर्षांचा आल्बान बेर्ग हा तरुण बसला होता. त्याच बेर्गने पुढे ‘लुलू’ हे संगीतनाटक रचावयास घेतले. १९३५ मध्ये तो वारला तेव्हा तिसरा अंक अपुरा होता, आणि तो पुरा करून घेण्यास त्याच्या विधवा पत्नीने हयातभर संमती न दिल्यामुळे संपूर्ण प्रयोग पाहावयास पॅरिसच्या रसिकांना १९७९ साल उजाडावे लागले. पाप्स्ट या दिग्दर्शकाचा याच कथेवरील १९२९ मधील चित्रपटही असाच उपेक्षित राहिला, आणि त्यात लुलूची भूमिका करणाऱ्या लुईझ ब्रुक्सच्या अभिनयाचे मोल कळण्यास सुमारे पाव शतक जावे लागले.

एवढे दाखले हाती असता, रीडचीही बाजू काळाच्या दरबारात उचलली जाईल असे म्हणण्याचा मोह कोणास होणार नाही? डेव्हिड बोवी या गायकाला तो झाला. रीड २०१३ मध्ये निवर्तल्यानंतर त्याने रीडची पत्नी लॉरी अँडरसन हिला सांगितले की हीच लूची सर्वश्रेष्ठ कृती असून, ‘बर्लिन’प्रमाणे हिच्यापर्यंतही लोक सावकाश पोचतील. ‘बर्लिन’ ही रीडची १९७३ मधील मुद्रिका. ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने तिची त्या काळी रेवडी उडवली होती आणि तीस वर्षांनी सर्वोत्कृष्ट पाचशे मुद्रिकांच्या आपल्या यादीत तिला जागा दिली होती.

बोवीविषयी मला आदर आहे. तथापि त्याचा हा दाखला मला रुजू वाटत नाही. उपेक्षित राहिलेली प्रत्येक कृती पुढे उजळते असे नाही. ज्या उजळत नाहीत त्यांची नावे आपल्या दप्तरी नसतात, इतकेच. ‘लुलू’चा खरा दोष तिच्या काळोखात नाही, वृद्ध पुरुषाने तरुण स्त्रीचा आवाज धारण करण्यातही नाही; तो आहे शब्द आणि वाद्ये यांच्या परस्परांविषयीच्या बेफिकिरीत. कीर्तनकार निरूपणाला लागला की मृदंग थांबतो, कारण अर्थाला अवकाश हवा हे त्यालाही ठाऊक असते. येथे रीडचे निरूपण एकीकडे चालू असता गिटार आणि ढोल आपलाच ठेका पिटत राहतात, आणि पुष्कळ वेळा दोन शेजाऱ्यांची भांडणे एकदम ऐकू यावी तसे होते. हे समीक्षकांनी म्हटले असते तर त्यांच्याशी माझे भांडण नव्हते. त्यांपैकी कित्येकांनी म्हटले ते एवढेच की, हे मेटॅलिकासारखे नाही आणि हा माणूस गात नाही. हा माणूस तर आरंभापासूनच फारसा गात नव्हता!

आणि मग शेवटचे ‘ज्युनिअर डॅड’ हे गीत येते. सुमारे साडेएकोणीस मिनिटांच्या या गीतात मघाची ती बेफिकिरी एकाएकी नाहीशी होते; वाद्ये मागे सरतात, एकच साधी स्वरावली फिरत राहते, आणि बापाला हाक घालणारा आणि स्वतःच बाप होऊन बसलेला तो आवाज हळूहळू पुढे येतो. शब्द संपल्यावर कित्येक मिनिटे केवळ तंतुवाद्यांचा एक दीर्घ षड्ज उरतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हे गीत प्रथम ऐकताना हेटफील्ड आणि नुकताच पितृशोक झालेला मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट हे दोघेही अश्रू अनावर होऊन खोलीबाहेर गेले होते. समीक्षकांपैकी जे इथवर टिकले त्यांच्यातील काहींनी या गीताला सूट दिली. सूट हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण रीडच्या उत्तरायुष्यातील याच्या तोडीचे दुसरे गीत मी ऐकलेले नाही.

तेव्हा ज्यांना ही मुद्रिका ऐकण्याची इच्छा होईल त्यांनी आरंभ शेवटापासून करावा, आणि उरलेली नऊ गीते ऐकावयाची की नाहीत ते मग आपल्या कानांना विचारून ठरवावे.