लोकल तेवढीच धावते

हायब्रिड कामपद्धतीचा उल्लेख कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अनेकदा पर्यावरणाच्या पानावर सापडतो. कर्मचारी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतात, म्हणून इतके किलोमीटर वाचले आणि इतका कार्बन वाचला, असा त्याचा हिशेब असतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला राहणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरते पाहिले तर हे पान चुकले आहे. फायदा आहे, चांगला मोठा आहे; पण तो कार्बनचा कमी आणि माणसांचा जास्त आहे.

बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. इथला नोकरदार मोटारीने फोर्टला जात नाही, लोकलने जातो. आणि लोकल वेळापत्रकाप्रमाणे धावते. बदलापूरच्या एखाद्या लेखापालाने मंगळवारी घरी बसून काम केले म्हणून सकाळची गाडी रद्द होत नाही, तिचा एक डबाही कमी जोडला जात नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये हाच मुद्दा मांडला होता. मोटारीने सुमारे सहा किलोमीटरपेक्षा लांब जाणारा माणूस घरी राहिला तर उत्सर्जन घटण्याची शक्यता जास्त. सार्वजनिक वाहनाने जाणारा घरी राहिला तर ते किंचित वाढूही शकते, कारण घरचा पंखा, दिवा आणि मे महिन्यात एसी त्याच्या एकट्यासाठी चालतो.

हे लग्नाच्या पंगतीसारखे आहे. तिथे तीनशे पानांचा स्वयंपाक झालेला असतो. ऐन वेळी वीस जण आले नाहीत तर गॅस वाचत नाही आणि तांदूळही वाचत नाही. कमी होते ती दाटी. मांडीला मांडी लावून बसलेल्यांना जरा ऐसपैस बसता येते, वाढप्याला मधून चालता येते. न आलेल्या वीस जणांनी मात्र आपापल्या घरी वेगळी चूल पेटवलेली असते, म्हणजे एकूण जळण थोडे वाढलेच. शिधा खरोखर कमी काढायचा तर आचाऱ्याला आदल्या दिवशी आकडा कळवावा लागतो आणि तो पाळावाही लागतो. ऑफिसचेही तसेच आहे. निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि एसी मात्र सबंध मजल्याचा चालू, अशा ऑफिसात वीज दोन्हीकडे जळते. दिवस ठरवून एक मजला पूर्ण बंद ठेवला किंवा भाड्याची जागाच कमी केली, तरच शिधा कमी निघाला असे म्हणता येईल.

कार्बन खरोखर वाचतो तो रस्त्यावर. महापे, ऐरोली या बाजूला नोकरी असणाऱ्यांना रेल्वेने जायचे तर ठाण्याला गाडी बदलण्याचा वळसा पडतो, म्हणून अनेक जण दुचाकी किंवा मोटार काढून काटई-बदलापूर रस्त्याने शिळफाट्याच्या कोंडीत उभे राहतात. हे अंतर सहा किलोमीटरच्या कितीतरी पुढचे आहे. यांचे दोन दिवस घरी गेले तर पेट्रोल सरळ वाचते, आणि तो आकडा अहवालात छापायला कोणाचीच हरकत नसावी. हरकत आहे ती लोकलवाल्यांचे किलोमीटर त्यातच मिसळण्याला.

सेबीने २०२१ मध्ये नव्या स्वरूपाचा व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल आणला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यातून होणारे उत्सर्जन ‘स्कोप ३’ या गटात मोडते, आणि या अहवालात त्याची माहिती ऐच्छिक ठेवली आहे. ऐच्छिक माहिती भरताना हात सैल सुटू शकतो. सगळ्या कर्मचाऱ्यांचे किलोमीटर एकत्र करून एकाच सरासरीने गुणले की आकडा डोळ्यात भरतो. पण त्यात कल्याणहून पुढची लोकल आली की तो फसवा ठरतो. पुन्हा सांगायला हवे, कारण ऐकताना हेच निसटते: माणूस घरी राहिला तरी लोकल तेवढीच धावते.

मग या शहरांना मिळते काय? पंगतीतली मोकळी जागा. आणि ती थोडीथोडकी गोष्ट नाही. उपनगरी गाडीत ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात, असे रेल्वेच्या वर्तुळातच सांगितले जाते. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ च्या जनगणनेत ती १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतरही इमारती उठतच राहिल्या. कल्याणपासून बदलापूरपर्यंतची तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘३ अ’ टप्प्यात आहे. वर्षानुवर्षे हा सगळा भार दोनच रुळमार्गांनी वाहिला. बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथचा प्रवासी आधी उलटा बदलापूरला जातो आणि त्याच गाडीने ‘रिटर्न’ येतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा ऑफिसच्या वेळा बदलण्याची जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली.

वेळेचा हिशेब साधा आहे. बदलापूरहून टर्मिनसला जलद गाडीनेही दीड तासाच्या आसपास लागतो. जाऊन-येऊन तीन तास, तेही स्टेशनपर्यंतची रिक्षा न धरता. आठवड्यातले दोन दिवस वाचले तर सहा तास हाती राहतात. लहान मूल किंवा आजारी सासू-सासरे असलेल्या घरातली बाई नोकरी टिकवते की सोडते, हे अनेकदा एवढ्याशा सहा तासांवर ठरते. पावसाळ्याचे तर वेगळे सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती. तशा दिवशी सकाळी सहाला ‘आज येऊ नका’ असा निरोप पाठवणारी कंपनी आणि उशिरा पोहोचल्याबद्दल अर्धा दिवस कापणारी कंपनी, या दोघींचे शाश्वततेचे अहवाल दिसायला सारखेच गुळगुळीत असतात.

मोकळी जागा मिळण्यालाही एक अट आहे. सगळ्याच कंपन्यांनी घरून कामाला सोमवार आणि शुक्रवारच दिला, तर बुधवारची गर्दी आहे तशीच राहते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या चार कंपन्यांनी एकत्र बसून दिवस वाटून घेणे हे काम बिनखर्चाचे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते कोणाच्या यादीत नसते.

दुसरी बाजू घरून काम करूच न शकणाऱ्यांची आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीतला रसायन कामगार, तिथल्या आयुध निर्माणीतला कामगार आणि उल्हासनगरात जीन्स शिवणारा कारागीर यांना हायब्रिड हा शब्द लागू होत नाही. मुंबईच्या ऑफिसात झाडलोट करणारे, कँटीन चालवणारे आणि दारावर उभे राहणारे कंत्राटी लोकही याच लोकलने येतात. मजला दोन दिवस बंद ठेवून त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले, तर कंपनीची बचत त्यांच्या खिशातून झाली. त्याला सामाजिक जबाबदारी म्हणता येत नाही.

कंपनीचा स्वतःचा खर्च आणि सामाजिक जबाबदारी यांत कायद्यानेही फरक केलेला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीवर (सीएसआर) खर्च करावी लागते, पण आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. घरी दिलेली खुर्ची आणि इंटरनेटचे बिल हा कंपनीचा नेहमीचा खर्च आहे. उल्हासनगरातल्या एका खोलीच्या घरात ती खुर्ची ठेवायची कुठे, हा प्रश्न निराळाच. याच कलमात एक वाक्य मात्र विचार करण्याजोगे आहे. कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. आठवड्यातले दोन दिवस कंपनीचे काम बदलापूरच्या घरांतून होत असेल, तर बदलापूरही तिचा परिसर ठरावा. मग वालधुनी आणि उल्हास नद्यांचे प्रदूषण, स्टेशनजवळच्या अभ्यासिका, घरात जागा नसलेल्यांना बसून काम करण्याच्या खोल्या, असे बरेच काही त्यात येऊ शकते. पण तो वेगळा विषय आहे.

अहवाल तयार करणाऱ्यांनी यंदा कर्मचाऱ्यांना निदान तीन गोष्टी विचाराव्यात: स्टेशन कोणते, वाहन कोणते आणि घरून काम करण्याचे वार कोणते. लोकलवाल्यांची उत्तरे कार्बनच्या रकान्यात न मांडता कर्मचारी-कल्याणाच्या रकान्यात तासांमध्ये मांडावीत.