अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मेजावरचें यंत्र

नागपूरच्या पूर्व भागांतील नंदनवन वस्तींत १९८४ पासून एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आसपासच्या भाड्याच्या खोल्यांतून पुस्तकांबरोबर हत्यारेंहि नांदतात. अशाच एका खोलींतील विद्यार्थी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठीं त्यास ध्वनिवर्धकाचा दर्शनी पत्रा तयार करावयाचा आहे. बटणांसाठीं भोंकें, तबकडीसाठीं गोल खिडकी. इतवारीच्या बाजारांतून एक मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा आणला आहे. मेजावर तीस सेंटिमीटर लांब व अठरा सेंटिमीटर रुंद पाटाचें छोटें सी. एन. सी. राउटर आहे, संगणकानें आंखून दिलेल्या रेषेवरून तें फिरतें कटर नेतें. लाकूड त्यानें सहज कापलें. पत्र्यावर मात्र बोटभर रेषा होते न होते तोंच कर्कश आवाज उठतो, कटरभोंवतीं चकचकीत गोळा जमतो आणि कटर मोडतें. उद्यां काम दाखवावयाचें आहे, व आतां दुसरें एकच कटर शिल्लक आहे.

अशा वेळीं यंत्राच्या अशक्तपणास दोष दिला जातो. तो अगदींच खोटा नाहीं. पण मूळ कारण निराळें आहे. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतें, परंतु चिकटण्यासाठीं त्यास तितकें तापावें लागत नाहीं. घर्षणानें ऊन झालेला मऊ धातु धारेवर थापला जातो, आणि मग धार कापीत नाहीं, धारेवरचा गोळा पत्र्यावर घांसत राहतो. गंमत अशी कीं, धातु जितका शुद्ध तितका हा त्रास अधिक. भांड्यांच्या कामाचा मऊ पत्रा सर्वांत वाईट कापला जातो. मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळून उष्णतेनें कठिण केलेली ६०६१ ही जात हाताला टणक, पण तिचा कीस सुटा पडतो.

यापुढें नवशिका जी चूक करतो ती मोठी स्वाभाविक आहे. कटर मोडलें म्हणून तो यंत्र हळू चालवितो. येथें थोडें गणित पाहावें. कटर मिनिटास १०,००० फेरे घेतें आणि त्यास धार एकच आहे असें धरूं. यंत्र मिनिटास ४०० मिलिमीटर पुढें सरकलें, तर प्रत्येक फेऱ्यास ०.०४ मिलिमीटर कीस निघतो. भीतीनें गति १०० वर आणली, कीं तो ०.०१ मिलिमीटर होतो. धार कितीहि तीक्ष्ण दिसली तरी ती सूक्ष्मदृष्टीनें गोलच असते. कीस त्या गोलाईच्या मानानें फार पातळ झाला, कीं कापणें संपतें आणि घांसणें सुरू होतें. शिवाय निघालेल्या किसाबरोबर बरीचशी उष्णता बाहेर जाते. कीसच नाहीं तर ती जाणार कोठें? ती कटरांत व पत्र्यांत राहते. म्हणून गति कमी करावयाची नसून खोली कमी करावयाची असते. एका फेरींत ०.१ मिलिमीटर उतरलें तर मिलिमीटरभर पत्र्यास दहा फेऱ्या लागतील, लागेनात! दोन-चार धारांच्या कटरापेक्षां एकधारी कटर बरें, कारण त्याच्या रुंद खोबणींतून किसाला वाट मिळते.

संगणकीय यंत्राचा हा प्रकार मुळांत विमानविद्येच्या पोटीं जन्मास आला. अमेरिकेंत जॉन पार्सन्स याची कल्पना उचलून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेनें १९५२ सालीं छिद्रांकित फितीवर चालणारें पहिलें यंत्र दाखविलें. त्याचीं नियंत्रक कपाटें अवाढव्य होतीं. तेंच काम आज तळहातावर मावणारी पाटी करते.

परंतु पत्रा पातळ असला म्हणजे आणखी एक अडचण येते, आणि ती धारेपेक्षां जास्त दगा देते. नेहमींच्या कटरचा पीळ कीस वर काढतो, तसा पत्राहि वर खेंचतो. कडांवर चार क्लँप लावले तरी मधला भाग ढोलासारखा थरथरतो. म्हणून पत्रा संपूर्ण पृष्ठानें खालच्या फळीस चिकटवावा लागतो. पाटावर एक व पत्र्याच्या पाठीवर एक अशी कागदी चिकटपट्टी लावून मध्यें झटपट चिकटणारा गोंद घालण्याची युक्ति चांगली आहे. नागपूरच्या उन्हाळ्यांत मात्र सावध असावें. तीस सेंटिमीटर पत्रा दहा अंशांनीं तापला तर सुमारें ०.०७ मिलिमीटर वाढतो. कडा स्क्रूनें आंवळलेल्या असल्यास तो मधोमध फुगतो. उष्णतेनें गोंदहि सैल पडतो. मे महिन्याच्या दुपारपेक्षां पहाटेची वेळ बरी. कापून सुटणारा तुकडा उडूं नये म्हणून तीन-चार ठिकाणीं बारीक पूल राखावे, मागून ते कानशीनें काढतां येतात.

धारेवर यंत्रतेलाचा एकेक थेंब पुरतो. कित्येक जण रॉकेल वापरतात. पण या छोट्या यंत्रांच्या मोटारींत ब्रशांपाशीं ठिणग्या पडतात, तेव्हां तो मोह टाळलेलाच बरा. साधी सरळ पट्टी कापावयाची असेल तर पत्र्याची कात्री हें काम मिनिटांत करते, तेथें यंत्र मांडणें ही हौसच. गोल खिडकी व एकसारखीं भोंकें मात्र यंत्रानेंच सुबक होतात.

विद्यार्थी शेवटचें कटर बसवितो, चष्मा चढवितो, खोली ०.१ करतो आणि धीर करून गति ४०० ठेवतो. या खेपेस आवाज किंकाळीचा नसून एकसुरी गुणगुण असते. कटरामागें बारीक चंदेरी कीस पडत जातो. तो फुंकरीनें उडवूं नये. डोळ्यांत जातो, आणि यंत्रामागच्या उघड्या पाटीवर बसला तर धातूच असल्यानें वीज भलत्या वाटेनें जाऊन पाटी जळते. ब्रशानें गोळा करून डब्यांत भरला, म्हणजे मोडीबरोबर तोहि विकतां येतो.