बोटाच्या पेराएवढा केंड

कोंकणच्या किनाऱ्यावर केंड मासा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या दातांनीं जाळीं फाटतात, म्हणून कोळी त्याच्या नांवानें बोटें मोडतात. परंतु याच कुळांतील एक चिमुकला मासा समुद्राचें तोंडही न पाहतां नदीच्या गोड्या पाण्यांत जन्म काढतो; आणि आज तो देशोदेशींच्या घरांत काचेच्या पेटींत जाऊन बसला आहे.

त्याचें माहेर केरळांतील नद्या. तेथील पंबा नदींतील या माशाचें शास्त्रीय वर्णन होरा व नायर या संशोधकांनीं १९४१ सालीं प्रथम केलें आणि तेव्हांच्या त्रावणकोर संस्थानावरून त्याला ‘त्रावणकोरिकस’ हें नांव दिलें.

याची लांबी सुमारें एक इंच. पिवळसर अंगावर काळपट ठिपके, खवले नाहींत. दोन्ही डोळे निरनिराळ्या दिशांना फिरतात, त्यामुळें एक डोळा गोगलगाईवर आणि दुसरा पाहणाऱ्यावर, असा प्रकार नेहमीं दिसतो. चार दात जुळून झालेल्या चोचीनें तो गोगलगाईचें कवच फोडतो. संकट आल्यास पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. मुलांच्या करमणुकीसाठीं त्याला मुद्दाम फुगावयास लावणें मात्र क्रूरपणाचें होय, कारण तें त्याच्या भयाचें लक्षण आहे.

हा मासा पाळणाऱ्यांच्या हातून तीन चुका वारंवार होतात. याचे पुष्कळ भाऊबंद खाडीचे रहिवासी, म्हणून याच्याही पाण्यांत मीठ घातलें जातें. त्याची मुळींच गरज नाहीं. दुसरी चूक अन्नाची. कोरडें खाद्य तो बहुधा तोंडांत धरीत नाहीं. त्याला लहान गोगलगाई, किडे, डांसांच्या अळ्या असें हालतें भक्ष्य हवें. घरांतील मंडळी रोज प्रेमानें चिमूटभर खाद्य टाकतात आणि मासा त्यांच्या डोळ्यांदेखत उपासमारीनें खंगत जातो. तिसरी चूक संगतीची. लांब परांचे संथ मासे शेजारीं ठेवल्यास तो त्यांचे पर कुरतडतो. नरही आपसांत भांडतात. पोटावरील काळ्या रेघेवरून प्रौढ नर ओळखूं येतो. म्हणून पेटी स्वतंत्र असावी, तींत दाट पाणवनस्पती असाव्यात, उरलेलें अन्न काढून टाकावें आणि थोडें पाणी नियमानें बदलावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजारांत येणारे यांपैकीं पुष्कळ मासे थेट नदींतून पकडलेले असतात. त्यांतच नद्यांचें पाणी दूषित होत आहे. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय यादींत या माशाची नोंद धोका संभवणाऱ्या जातींत झाली आहे. वास्तविक तो पेटींतही वंश वाढवितो. मादी शेवाळांत अंडीं घालते व सुमारें पांच दिवसांत पिलें बाहेर पडतात. तेव्हां विकत घेणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं, ‘हा पेटींत जन्मला कीं नदींतून आणला?’ एवढें अवश्य विचारावें. नदींतून आणला असें उत्तर मिळाल्यास रिकाम्या हातानें घरीं परतावें. त्यांत कांहींच नुकसान नाहीं.