मोझार्टची घाई आणि ब्राम्सचा विलंब

(जलशास जाणाऱ्या गायकवृंदापुढें धर्मग्रामाच्या सभागृहांत केलेलें भाषण)



येत्या शनिवारीं आपल्या गायकवृंदांतील मंडळी मुंबईस वाद्यवृंदाचा जलसा ऐकावयास जाणार आहे. पूर्वार्धांत मोझार्टचा डी मायनरमधील पियानो कोन्चेर्टो व उत्तरार्धांत ब्राम्सची पहिली सिंफनी, असा कार्यक्रम आहे. “आम्हांस त्यांतलें काय कळणार, फादर?” असें दोघांतिघांनीं मला विचारलें. ज्यांच्या घरीं व्हायोलिन खुंटीस टांगलेलें आहे आणि ज्यांचे वडील चर्चच्या शाळेंत मास्तरांकडून स्वरलिपि वाचावयास शिकले, त्यांनीं हा प्रश्न करावा याचें मला नवल वाटलें. असो. कान आपलें काम करतीलच. मी केवळ त्यांना थोडी वाट दाखवितों.

सन १७८५ च्या फेब्रुवारीची ११ तारीख. व्हिएन्नामधील मेहलग्रूबे नांवाच्या सभागृहांत २९ वर्षांच्या मोझार्टचा जलसा त्या सायंकाळीं व्हावयाचा होता. वडील लेओपोल्ड त्याच दिवशीं व्हिएन्नास येऊन पोंचले, आणि पाहतात तों नकलनवीस अद्यापि वादकांसाठीं प्रती उतरीत बसलेला! त्याच्यावर देखरेख करण्यांत मुलाचा वेळ गेला व शेवटचा भाग एकदां वाजवून पाहण्यासही त्याला सवड मिळाली नाहीं, असें लेओपोल्ड यांनीं आपल्या कन्येस पत्रानें कळविलें आहे. रचना आदल्याच दिवशीं पुरी झाली होती.

ऐकतांना मात्र या घाईचा मागमूस लागत नाहीं. आरंभीं तंतुवाद्यें खालच्या स्वरांत, ठेक्याला चुकवीत, दबकत चालतात. गायनासारखें असें तेथें कांहींच नाहीं. वादळापूर्वींची हवा जणूं. वाद्यवृंदाचें बोलणें संपल्यावर पियानो येतो, तो त्यांचें म्हणणें पुन्हां सांगत नाहीं; स्वतःचें निराळेंच, एकाकी गीत आळवूं लागतो. ही एकटी वाणी आणि तो समुदाय यांचा संवाद म्हणजेच कोन्चेर्टो. शेवटीं रचना मायनर सोडून मेजरमध्यें येते, आणि तीही सहज, हंसत.

पहिला भाग संपत आला कीं वाद्यवृंद थांबतो व पियानोवादक एकटाच वाजवितो. या जागेसाठीं मोझार्टनें स्वतः लिहिलेलें आज कांहीं उपलब्ध नाहीं. बेथोव्हेननें लिहिलेलें आहे, आणि पुढें ब्राम्सनेंही तेथें आपली लेखणी चालविली. तेव्हां या दोन रचना एका सायंकाळीं आल्या, हा केवळ योगायोग समजूं नका. एकाच्या घरांत दुसरा राहून आलेला आहे.

आतां ब्राम्स. बेथोव्हेननंतर सिंफनी लिहावयाची, या विचारानेंच तो दबून गेला होता. सन १८६२ मध्यें पहिल्या भागाचा खर्डा त्यानें क्लारा शूमान हिला दाखविला. त्याला आजची गंभीर प्रस्तावनाही नव्हती. प्रत्यक्ष सिंफनी लोकांच्या कानीं पडली ती ४ नोव्हेंबर १८७६ रोजीं, कार्ल्सरूहे येथें. प्रथम प्रयत्नापासून वीस वर्षें लोटलीं होतीं. ब्राम्स ४३ वर्षांचा झाला होता. माझ्याही मेजाच्या खणांत एक अर्धवट मिस्सा जवळजवळ तितकींच वर्षें पडून आहे. परंतु ब्राम्सचा विलंब भीतीचा होता, माझा आळसाचा.

ती भीति प्रस्तावनेंत ऐकूं येते. टिंपनी एकाच स्वरावर सारखी आघात करीत राहते. तंतुवाद्यें कष्टानें वर चढतात, आणि त्याच वेळीं फुंकवाद्यें खालीं उतरतात. तरुणपणीं मला हें कर्कश वाटे व मी मोझार्टनंतर उठून जावें अशा मताचा होतों. मधल्या दोन भागांविषयीं येथें बोलत नाहीं. ते सौम्य आहेत, आपोआप आवडतील. चौथ्या भागाकडे मात्र लक्ष द्या. पहिले तीन भाग तीन ट्रॉम्बोनवादक वाद्यें मांडीवर घेऊन स्वस्थ बसलेले असतात. ऑस्ट्रियांतील चर्चसंगीतांत या वाद्याला जुना मान. ब्राम्सनेंही तें शेवटासाठींच राखून ठेवलें, आणि तेथें त्यांच्याकडून स्तोत्रासारखी एक मंद सुरावट वाजवून घेतली. पुढें जें विस्तीर्ण गीत सुरू होतें, तें बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची आठवण करून देतें. कोणी तसें म्हटल्यावर, तें तर गाढवालाही कळतें, असें ब्राम्स चिडून म्हणाला, अशी आख्यायिका आहे.

त्या गीतापूर्वीं शिंगाची, म्हणजे हॉर्नची, एक धून येते. ती ब्राम्सनें सन १८६८ मध्यें स्वित्झर्लंडहून क्लाराच्या वाढदिवसानिमित्त लिहून पाठविली होती. सिंफनी पुरी होण्याच्या आठ वर्षें आधीं. ही धून वाजूं लागली कीं डोळे मिटूं नका, हॉर्नवादकांकडे पाहा. स्वर लांब आहेत, एका माणसाचा श्वास पुरावयाचा नाहीं. म्हणून पहिला वादक श्वास घेतो तेव्हां दुसरा तोच स्वर धरून ठेवतो, अशी योजना ब्राम्सनें स्वतः लिहून ठेवली आहे. ऐकणाऱ्यास एकच शिंग वाजत असल्याचा भास होतो.

गाडी स्टेशनावरून दुपारीं तीन वाजतां सुटते. कृपा करून वेळेवर यावें.