दोन गुपितं, एकच घर

(खडकी येथे किशोरी गटांच्या कार्यकर्त्यांच्या वाचनबैठकीत केलेले भाषण)



सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी वाचायला दिली, तेव्हा काही जणींनी विचारलं, यात बायकांचा प्रश्न कुठे आहे?

२००६ साली आलेली ही कादंबरी पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात घडते. घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, एकमेकांना न सांगता. तो अनुजाबरोबर निघून जातो, पुढे तिलाही सोडतो. ती घरी परतते. अर्धी कादंबरी तनय सांगतो, अर्धी अनुजा. एका घरातली ही दोन दुःखं, पण ती एकत्र कळतात फक्त वाचकाला.

अनुजाचं दुःख घराला दिसतं, पण अब्रूचा प्रश्न म्हणून. तनयचं तर कुणाच्या गावीही नाही. मुलीवर पहारा आणि मुलाच्या वेगळ्या प्रेमाबद्दल अळीमिळी गुपचिळी, दोन्ही एकाच कुटुंबव्यवस्थेची कामं. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमातून वगळलं. घरं अजून तिथवर पोचलेली नाहीत.

आपल्या खडकीत, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये काय किंवा बाजारातल्या चाळींत काय, मुलगी घर सोडून गेली आणि परतली की सगळ्यांत आधी तुटते तिची मैत्रीण. त्या मैत्रिणीला बरंच माहीत असतं. सांगितलं तर ती चहाडखोर, नाही सांगितलं तर सामील. मग तिची आईच जाणं-येणं बंद करते आणि दोघीही एकट्या पडतात.

परतलेल्या मुलीला आपण काय विचारतो? ‘कुणाबरोबर गेली होतीस?’ हा प्रश्न तर घर, शेजार, पोलीस सगळेच विचारतात. आपण आधी विचारू या, ‘जेवलीस का? तुला आता काय हवंय?’

मात्र एक लक्षात ठेवा. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. तिची ‘संमती’ त्या वयात कायदा मानत नाही. हे तिला बोलण्याआधीच सांगायचं, म्हणजे आपणही तिचा विश्वास मोडणाऱ्यांत जमा होणार नाही.

आणि त्या मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्या आईशी बोलायचं. तिला गटात परत आणणं हेही आपलंच काम आहे.